बॅटरीची खांदशेकणी

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. अकोल्यातला माझा शिंपी माप घेताना दर वेळी म्हणतो, "भाऊ, जरा सरळ उभे राहा ना." मी सरळच उभा असतो. चाळीस वर्षं ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या ह्या खांद्यावरून वाहिल्या, त्याचा तो हिशेब आहे. शर्टांचं तर विचारूच नका. तेजाबाचे थेंब उडून माझ्या प्रत्येक शर्टाची चाळणी झाली, आणि लग्नाकार्यात घालायचा एक शर्ट आमच्या घरी कायम कुलपात असायचा.

ह्या अंकाच्या संपादकांनी मला 'नव्या बॅटऱ्यांच्या बाजाराचं भवितव्य' असा भारदस्त विषय दिला आहे. भवितव्य सांगायला मी काही पोपटवाला ज्योतिषी नाही. पण आयुष्यात एकदा मी ह्याच विषयावर भाकीत केलं होतं, तेही लेखी, खाली सही ठोकून. ते असं काही तोंडावर आपटलं की आता त्याची गोष्ट सांगण्यातच जास्त मजा आहे.

ज्यांनी बॅटरी फक्त बंद पडल्यावरच पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुनी बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं तेजाब. वर सहा झाकणं. आमच्या अकोल्याच्या उन्हाळ्यात माणूस आटतो तिथं बॅटरीतलं पाणी काय टिकणार? म्हणून झाकणं उघडून अधूनमधून पाणी भरावं लागतं, आणि ते डिस्टिल्ड पाणीच लागतं. आमचा खारपाणपट्टा. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते बॅटरीत घातलं की तिचे दिवस भरलेच. मी गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून सांगत आलो, "पाहुण्याला विहिरीचं पाणी दिलं तरी चालेल, बॅटरीला देऊ नका." बॅटरीवर वायरी जोडायचे दोन खुंट असतात. त्यांना आम्ही टर्मिनल म्हणतो. त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढते. ती पुसून वर ग्रीस लावलं की काम झालं.

हे सगळं लोकांच्या डोक्यात बसावं कसं? माझी युक्ती पोळ्याची. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करतात. वर्षभर जू वाहून ज्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, तो गरम पाण्यानं शेकायचा, त्याला हळद आणि तूप लावायचं आणि बैलाला सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या." मी दुकानावर पाटी लावली: 'आज बैलाचा खांदा शेका, बॅटरीचा खांदा पुसा.' त्या दिवशी झाकणं उघडून पाणी भरणं आणि टर्मिनल साफ करणं फुकट. गावोगावचे ट्रॅक्टर बसस्टँडामागच्या आमच्या गल्लीत रांगेनं उभे राहायचे. नागपूरहून आलेल्या एका कंपनीच्या साहेबानं विचारलं, "ही कोणती स्कीम आहे तुमची?" मी म्हटलं, "साहेब, ही बैलांची स्कीम आहे." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. पण वऱ्हाडातल्या किती तरी बॅटऱ्या त्या एका दिवसामुळे दोन वर्षं जास्त जगल्या, हे मी छाती ठोकून सांगतो.

माझ्या गिऱ्हाइकांचा बॅटरीवर विश्वास बसायचा तो डोळ्यांनी आणि कानांनी. पातूरचा एक लाऊडस्पीकरवाला होता. बिनझाकणाची, बंद बॅटरी बाजारात आली तेव्हा ती त्यानं दोन्ही हातांत धरून कानाजवळ नेली आणि नारळासारखी हलवून पाहिली.

"भाऊ, इच्यात पाणी दिसत नाई, वाजत नाई. मंग मी इश्वास कशावर ठेवू?"

"गॅरंटी आहे ना."

"गॅरंटी तं कागदावर हाये. लगनात मंगलाष्टकं चालू असतानी भोंगा बंद पडला तं नवरदेवाच्या मामाले कागद दाखवू काय?"

तो शेवटपर्यंत झाकणाचीच बॅटरी नेत राहिला. मला तो माणूस फार आवडायचा, कारण माझंही मत तेच होतं.

आता माझ्या मुलीकडे येतो. जयश्री, म्हणजे आमची जयू. अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तिथंच ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात तीन वर्षं हात काळे केले आणि एक दिवस बॅग घेऊन अकोल्याला परत आली. तिची आई गेल्यापासून घरात मी एकटाच होतो, त्यामुळे मला आनंद झाला. तो अर्धा तास टिकला.

"बाबा, शिसं पुरे आता. मागच्या खोलीत मी लिथियमच्या बॅटऱ्या बांधणार."

मागच्या खोलीत टेबल लागलं. त्यावर टॉर्चच्या सेलसारखे जाडजूड सेल, ते जोडायचं मशीन आणि बोटभर लांबीची हिरवी कार्डं. मी विचारलं, हे कार्ड कशाला? जयू म्हणाली, "हे पहारा करते. कोणता सेल तापला, कोणता जास्त भरला, कुठं काही बिनसलं, की हे सगळ्यांचंच काम बंद करते." मी म्हटलं, म्हणजे सासू. ती हसली, पण मी आतून हललो होतो. ह्या बॅटरीत पाणी नाही, बुडबुडे नाहीत, वास नाही. चाळीस वर्षं मी झाकणाशी नाक नेऊन बॅटरीचं दुखणं सांगत आलो. ह्या पोरीच्या डब्यापुढे माझं नाक बिनकामाचं झालं होतं. ते मला झोंबलं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्याच सुमारास एका बाहेरच्या कंपनीचा इस्त्रीदार तरुण बाजाराची पाहणी करायला दुकानात आला. प्रश्नांचा छापील कागद होता. येत्या पाच वर्षांत तुमच्या भागात प्रगत बॅटऱ्यांना मागणी कशी राहील? मी चहा मागवला आणि त्याला भविष्य सांगितलं. एक, आमचा माणूस वजन पाहतो. हलकी वस्तू म्हणजे पोकळ वस्तू. दोन, जुनी शिशाची बॅटरी मेली तरी भंगारात तिला भाव येतो. लिथियमची मेली की तिला कोण विचारतो? तीन, जिच्यात पाणी भरता येत नाही ती बॅटरी इथं कोणाला आपली वाटणार नाही. रकान्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'वऱ्हाडात चालणार नाही,' आणि सही केली.

जयू मागे उभी राहून वाचत होती. तो गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, पुण्याहून नोकरीचं पत्र आलं आहे. एक हंगाम मी इथं पाहते. माझ्या बॅटऱ्या चालल्या तर राहीन. नाही चालल्या तर पोळा झाला की त्यांना होकार कळवते."

मी "बरं" म्हटलं. मनात म्हटलं, अरे देवा, हे काय लिहून बसलो. पण सही केलेला माणूस माघार घेतो होय!

तिला पहिली मोठी मागणी आली ती हिवरखेडहून. कमलाबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी दर खांदशेकणीला माझ्याकडे यायची. कमलाबाईंच्या बचत गटाकडे पाठीवर घ्यायचे बावीस फवारणी पंप होते, ते हंगामात कपाशीच्या फवारणीला भाड्यानं जायचे. पंपाच्या बुडाशी शिशाची बॅटरी असल्यानं दुपारपर्यंत पाठ मोडायची. जयूची एक बॅटरी त्यांनी दोन दिवस वापरून पाहिली आणि दुकानात येऊन मला ऐकवलं.

"भाऊ, तुमच्या पोरीनं डब्यात काय भरलं हाये कोण जाणे! दिवसभर पऱ्हाटी फवारली, पाठ दुखली नाई. मले तं वाटलं पंप घरीच इसरली."

बावीसच्या बावीस बॅटऱ्यांची मागणी. जयूनं महिनाभर खपून त्या बांधल्या. प्रत्येक डब्याचं झाकण चार स्क्रूंनी बसवलं, रिमझिम पावसात चालतील अशा केल्या. आषाढात त्या हिवरखेडला गेल्या आणि उत्तम चालल्या. मी रोज देवाला नमस्कार करताना एकदा तिच्या टेबलाकडेही पाहायचो.

पोळ्याच्या दोन दिवस आधी जयू कार्डं आणायला अमरावतीला गेली होती. मी दुकानात एकटा. गल्लीत आतापासूनच ट्रॅक्टर लागलेले, मी माझ्या जुन्या सिंहासनावर. कमलाबाई आल्या, म्हणाल्या, औंदा ट्रॅक्टर आणायले फुरसत नाई, डिस्टिल पाणी देऊन द्या, घरीच भरतो. मी दोन कॅन दिले आणि चाळीस वर्षांची रेकॉर्ड लावली: "झाकणं उघडा, पाणी भरा, खांदा पुसून ग्रीस लावा, ग्रीस नसलं तर तूप."

त्यांनी विचारलं, "सगळ्याच बॅटऱ्याईले ना भाऊ?"

मी दुसऱ्या गिऱ्हाइकाची बॅटरी खांद्यावर घेत होतो. मागे न पाहताच म्हणालो, "सगळ्याच!"

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी, करीला, कमलाबाईंचा फोन आला. बावीसपैकी एकही बॅटरी चालत नव्हती.

जयूचा चेहरा उतरला. एखादी नाही, एकदम बावीस! मोटारसायकलवर मागे बसून ती तेल्हाऱ्यापर्यंत एकच बोलत होती: तिची जोडणीच चुकली असेल, सेल खराब लागले असतील, बाबा तुमचंच खरं होतं. माझंच खरं होतं हे ऐकायला मी वर्षभर आसुसलेलो होतो, आणि आता ते कानात शिशासारखं पडत होतं. पऱ्हाटीला बोंडं धरायची वेळ, फवारणी तोंडावर. गटाचे पंप आत्ता उभे राहिले तर त्या बायकांचा हंगाम गेला, आणि माझी पोरगी पुण्याला गेली.

कमलाबाईंच्या ओसरीवर बावीस डबे पाटांवर रांगेनं मांडलेले होते. प्रत्येकाच्या पोटावर हळदीकुंकवाची बोटं, वायर जोडायच्या खांद्यावर तूप, पुढ्यात एकेक फूल. जवळच बैलजोडी रंगवलेल्या शिंगांनी उभी. इतकी देखणी मेलेली बॅटरी मी जन्मात पाहिली नव्हती. गटातल्या बायका भोवती जमल्या होत्या. जयू खाली मान घालून पहिल्या डब्याचे स्क्रू काढू लागली.

आणि मला खांबाशी माझ्या दुकानाचे दोन रिकामे कॅन दिसले.

खोटं कशाला बोलू? मी पहिलं काम काय केलं असेल तर पायानं ते कॅन खांबाच्या मागे सरकवले. कोणी पाहिलं नाही. तेवढ्यात जयूनं झाकण उचललं आणि डबा तिरपा केला. आतून पाण्याची धार लागली. ती त्या पाण्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "म्हणजे माझं झाकण गळकं आहे."

ते मात्र मला सहन झालं नाही. मी कॅन पुढे आणून ओसरीच्या मधोमध ठेवले.

"झाकण गळकं नाही, जयू. तुझ्या बापाचं तोंड गळकं आहे. मीच सांगितलं, सगळ्या बॅटऱ्यांत पाणी भरा म्हणून."

कमलाबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो, मंग! चार-चार स्क्रू खोलले आमी एकेकीचे. मी म्हणत होती, ह्या नव्या बॅटऱ्या पाणी लय कमी पितात बाप्पा! चमच्या-चमच्यानं पाजलं आमी. पोळ्याच्या दिवशी कोणाले उपाशी कावून ठेवा?"

आणि जयू हसायला लागली. रडता रडता हसायला लागली, तिच्यामागे कमलाबाई, मग सगळ्या बायका. मी तेवढा उभा, हातात कॅन.

हसणं थांबल्यावर जयूनं विचारलं, "काकू, पाणी कॅनमधलंच घातलं ना? विहिरीचं नाही?"

"विहिरीचं?" कमलाबाई चिडल्याच. "तीस वर्षं झाले ह्या भाऊनं आमाले ओरडून ओरडून सांगतलं. बॅटरीले विहिरीचं पाणी म्हंजे जहर. एक थेंब नाई घातला. गरम पाणी अन् हळद तं बैलाले. बॅटरीले हे विकतचं."

जयूनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तुम्हालाही सांगतो. डिस्टिल्ड पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. खारं पाणी असतं तर बावीसही डबे जळून गेले असते, कदाचित आणखी काही वाईट झालं असतं. ह्या पाण्यानं फक्त ती हिरवी सासू सावध झाली होती आणि तिनं घरातल्या सगळ्यांची कामं बंद केली होती. सेल स्वतः लोखंडी कवचात ठणठणीत होते. माझ्याच तोंडानं बॅटऱ्या बुडवल्या आणि माझ्याच तोंडानं वाचवल्या. (हे घरी करून पाहू नका. डबा बंद आहे तो बंदच राहू द्या.)

आता प्रश्न वाळवण्याचा. मी म्हटलं, चार्जर लावून पाहू का लगेच? जयू म्हणाली, "बाबा, पी हळद अन् हो गोरी असं नसते." मी उन्हात ठेवा म्हटलं, तर ती म्हणाली, तापलेले सेल बिघडतात. सावलीत, पण पूर्ण कोरडे. भाद्रपदाच्या तोंडाशी हवा दमट. तेव्हा कमलाबाई पुढे आल्या. त्या गटानं वर्षानुवर्षं पापड-कुरडया केलेल्या. त्यांनी माळ्यावरून खाटा उतरवल्या, खाटांवर सुती लुगडी ताणली, जयूनं कार्डाच्या वायरी सोडवून एकेक डबा पालथा करून रिकामा केला आणि बायकांनी तो लुगड्यावर दुसऱ्याला लागणार नाही असा मांडला. खालून वारा, वरून पातळ कापड, कडेला कूलरचा पंखा. दर घटकेला कोणी तरी येऊन डबे कूस बदलून ठेवायची. जयूनं बाटलीतलं स्पिरिट आणि दाताचा ब्रश घेऊन कार्डं घासली. मला काम दिलं होतं तूप पुसायचं. बावीस खांदे मी पुसले, आणि प्रत्येकीनं जाता-येता मला विचारलं, "भाऊ, तहान लागली काय? पाणी भरू?"

जेवण कमलाबाईंकडेच झालं. करीच्या दिवशीचं उरलेलं पुरण, कढी, वडे. दुसऱ्या दिवशी दुपारी जयूनं पहिल्या डब्याला कार्ड जोडलं आणि चार्जर लावला. आम्ही सगळे ओसरीवर डब्याभोवती वाकलेलो. काही नाही. मग तो बारीक हिरवा दिवा लुकलुकला आणि लागून राहिला. ओसरीवर असा गलका झाला की बैलांनी दावं ताणलं. संध्याकाळपर्यंत अठरा जाग्या झाल्या. चारांची कार्डं गेली होती. जयूनं अमरावतीहून आणलेली नवी बसवली. दोन दिवसांत बावीस पंप पऱ्हाटीत होते.

परत येताना मी गाडी चालवत होतो. तेल्हारा मागे पडलं. शेवटी मीच विचारलं, "पुण्याला काय कळवणार?"

"कळवलं काल. नाही म्हणून."

"हंगाम तर अजून संपला नाही."

"बाबा, पुण्यात बॅटरीला पाटावर कोण बसवते?"

त्यानंतर मी गाडी जरा सावकाशच चालवली, कारण डोळ्यांत कचरा गेला होता.

तो इस्त्रीदार तरुण पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन पुन्हा आला. आता बाजार मलाही दिसू लागला होता. पंप, शेताच्या कुंपणाचं झटका मशीन, ई-रिक्षा, सगळीकडे हलकी बॅटरी शिरते आहे. मिठातल्या सोडियमच्या बॅटऱ्या येणार असंही जयू म्हणते. मिठाचं म्हटलं तर आमच्या खारपाणपट्ट्याला आनंदच आहे. भंगाराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि स्वस्तातले बनावट सेल बाजारात सुळसुळत आहेत, तेही मी त्याला सांगितलं. पण मुख्य रकान्यात मी लिहिलं: 'चालेल. मात्र विकताना तिची खांदशेकणी कशी करायची तेही सांगा. नाही तर लोक जुनीच करतील.' तो म्हणाला, "काका, हे आमच्या फॉर्ममध्ये बसत नाही." मी म्हटलं, बसवा.

जयूनं नवी खांदशेकणी ठरवली आहे. कोरड्या कापडानं डबा पुसायचा, स्क्रू घट्ट आहेत का ते नुसतं पाहायचं, वायर कुरतडलेली नाही ना ते बघायचं, हंगाम संपल्यावर बॅटरी अर्धी भरून ठेवायची. हळदीकुंकू फक्त पोटावर. पाण्याची गरज नाही. दुकानावरची पाटी मीच बदलली.

यंदा खांदशेकणीला आम्ही हिवरखेडला गेलो. पाटांवर आता चाळीस डबे होते, गट वाढला आहे. पुसून झालं, बोटं लावून झाली. बैलजोडीचे खांदे शेकून झाले. कमलाबाईंच्या हातात तपेल्यात गरम पाणी आणि वाटीत हळद-तूप उरलं. दर वर्षीच्या सवयीनं जास्तच केलं होतं.

"आता हे वाया कावून घालवा?" त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. "अवो जयू, एक खांदा तं अठी राह्यलाच ना! चाळीस वर्षं झाले, जू उतरलं नाई त्याचं."

मी उठून पळणार होतो, पण बायकांनी वाट अडवली. जयूनं मला पाटावर बसवलं, शर्टाची दोन बटणं काढली आणि तो बोटभर उतरलेला खांदा गरम कापडानं शेकला. मग हळद, मग तूप. तिचा हात तिच्या आईसारखाच आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिनं वाकून माझ्या कानात सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या."

बैलाला उत्तर देता येत नाही. मला तोंड आहे, आणि ते किती गळकं आहे हे सगळ्या हिवरखेडला ठाऊक आहे. पण त्या घडीला मीही बैलासारखी नुसती मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मात्र पंगतीला सगळ्यांत आधी जाऊन बसलो.